स्पोर्ट्स कारचे ऑइल बदलण्याचा खर्च

इंजिन ऑइल बदलण्याची कृती बहुतेक गाड्यांत सारखीच असते. इंजिन थोडे गरम करायचे, चेंबरच्या तळाचा ड्रेन बोल्ट सोडून जुने ऑइल उतरवायचे, फिल्टर बदलायचा, बोल्टला नवा वॉशर घालून तो ठरलेल्या ताकदीने आवळायचा आणि वरून नवे ऑइल भरायचे. साध्या हॅचबॅकचे हे काम गॅरेजमध्ये अर्ध्या तासात उरकते. बुगाटी व्हेरॉनच्या बाबतीत याच कामाला सुमारे २० हजार डॉलर लागतात, असा आकडा मोटारविषयक नियतकालिकांतून वारंवार प्रसिद्ध झाला आहे. बाकीच्या सगळ्या स्पोर्ट्स कार या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

बिल तीन गोष्टींवर ठरते: ऑइल किती आणि कोणते लागते, त्याच्यापर्यंत हात पोचायला किती वेळ जातो आणि तो वेळ कोण कोणत्या दराने विकतो. यांत ऑइलच्या डब्याचा वाटा बहुतेकांच्या समजुतीपेक्षा लहान असतो. मोठा वाटा इंजिन गाडीत कुठे बसवले आणि ऑइल कुठे साठवले यावर अवलंबून असतो. म्हणजे बिलाचा बराचसा भाग गाडीचा आराखडा कागदावर उतरतो त्याच दिवशी लिहिला गेलेला असतो.

आधी ऑइल खराब का होते ते पाहायला हवे. क्रँकशाफ्ट बेअरिंगच्या धातूला टेकून फिरत नाही, तो ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. दोन्ही धातूंमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते आणि पिस्टनचा पूर्ण दाब आला की ऑइलचा थर काही मायक्रॉनपर्यंत दबतो. २०१३ साली आलेल्या पोर्शे ९११ जीटी३चे इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १५०. त्या वेगात हा थर एक क्षण जरी तुटला तरी धातूवर धातू घासतो. त्यातच ऑइलला कूलंटचेही काम करावे लागते. बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या खालच्या बाजूवर ऑइलचे फवारे मारून उष्णता उतरवली जाते. टर्बो असेल तर मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणारा त्याचा दांडाही याच ऑइलवर फिरतो आणि त्याच्या एका बाजूला तापलेला एक्झॉस्ट असतो.

उष्णतेने ऑइलचे ऑक्सिडीकरण होते. तापमान दर १० अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. रस्त्यावर १०० अंशांच्या आसपास राहणारे ऑइल रेसट्रॅकवर १२०-१३० अंशांवर गेले तर त्याचे आयुष्य किती झपाट्याने घटते, हे त्यावरून कळते. शिवाय न जळालेले पेट्रोल पिस्टन रिंगांच्या कडेने खाली झिरपून ऑइल पातळ करते आणि ज्वलनातली वाफ थंड इंजिनात पाणी होऊन त्यात मिसळते. ऑइलमध्ये घातलेली द्रव्येही खर्च होत जातात: आम्ल मारणारी कॅल्शियम-मॅग्नेशियमची संयुगे, झीज रोखणारे जस्त-फॉस्फरसचे संयुग, गरम झाल्यावरही ऑइलला दाट ठेवणारे पॉलिमर. जास्त फेऱ्यांच्या इंजिनात या पॉलिमरच्या लांब साखळ्या गिअरच्या दातांत आणि बेअरिंगमध्ये अक्षरशः तुटतात.

डब्यावरचा '०डब्ल्यू-४०' हा आकडा याच दाटपणाचा आहे. मोटार अभियंत्यांची अमेरिकेतली संस्था एसएई हिने १९११ साली ऑइलची दाटपणावरून पहिली वर्गवारी केली. आजच्या पद्धतीत 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल कडाक्याच्या थंडीत सहज वाहते. नंतरचा आकडा १०० अंश तापमानाचा दाटपणा सांगतो. २० ग्रेडच्या ऑइलचा किमान दाटपणा त्या तापमानाला ६.९ सेंटिस्टोक, ४० ग्रेडचा १२.५ आणि ६० ग्रेडचा २१.९. इंधन वाचवण्यासाठी बनवलेल्या साध्या गाड्या २० ग्रेडकडे झुकतात. बीएमडब्ल्यूच्या २००० च्या दशकातील एम३ला १०डब्ल्यू-६० लागते. एम३च्या त्या पिढीतील सुरुवातीच्या गाड्यांत कनेक्टिंग रॉडची बेअरिंग निकामी होऊ लागली होती आणि कंपनीने गाड्या परत बोलावून ती बदलून दिली. ६० ग्रेडचे ऑइल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही आणि मिळते तिथे नेहमीच्या ऑइलपेक्षा महाग असते. तरी एम३च्या मालकाने इथे काटकसर करणे मोठी चूक ठरेल.

ग्रेडपेक्षाही महत्त्वाची असते कारखान्याची मान्यता. पोर्शेची 'ए४०', मर्सिडीजची '२२९.५', बीएमडब्ल्यूची 'लाँगलाइफ-०१' ही मानके कंपनीने स्वतः घेतलेल्या इंजिन-चाचण्यांतून ठरतात. डब्यावर 'मान्यताप्राप्त' लिहिलेले असणे आणि 'या मानकासाठी योग्य' लिहिलेले असणे यांत फरक आहे. पहिल्यात कंपनीने तपासून होकार दिलेला असतो, दुसऱ्यात ऑइल विकणाऱ्याचा फक्त शब्द असतो. 'सिंथेटिक' हा शब्द तर त्याहून सैल आहे. पूर्वी तो रासायनिक प्रक्रियेने रेणू जोडून बनवलेल्या तेलालाच लावत. १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळापुढे मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातला वाद गेला आणि खनिज तेलावर खोल प्रक्रिया करून मिळवलेल्या तिसऱ्या गटाच्या तेलालाही सिंथेटिक म्हणण्याची वाट मोकळी झाली. आज बाजारातल्या बऱ्याच सिंथेटिक ऑइलचा पाया याच गटातला असतो. ते वाईट असते असे मुळीच नाही, पण चढी किंमत मोजताना 'सिंथेटिक' या शब्दापेक्षा मान्यतेचा क्रमांक वाचलेला बरा. चांगल्या ऑइलने काय साधते याचे जुने उदाहरण शेव्हर्ले कॉर्व्हेटचे आहे. १९९२ पासून तिच्या इंजिनात कारखान्यातूनच मोबिल १ हे सिंथेटिक ऑइल भरले जाऊ लागले आणि ते उष्णता सोसत असल्यामुळे वेगळा ऑइल कूलर काढून टाकता आला.

आता प्रमाण. माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी, हलकी, पुढे लहानसे चार सिलिंडरचे इंजिन असलेली गाडी. तिला चार लिटरच्या आसपास ऑइल पुरते. पोर्शे ९११ कॅरेराला आठ लिटरच्या आसपास लागते. २०२० च्या कॉर्व्हेटला सात लिटरहून थोडे अधिक, आणि हवेने थंड होणाऱ्या जुन्या ९११च्या शेवटच्या पिढ्यांत तर सगळ्या नळ्या, कूलर आणि टाकी मिळून अकरा लिटरहून जास्त ऑइल फिरते. तिथे पाण्याचा रेडिएटर नाही, त्यामुळे उष्णता वाहून नेण्याचा मोठा भार ऑइलवरच पडतो.

अमेरिकेत चांगल्या सिंथेटिक ऑइलचा पाच क्वार्टचा, म्हणजे पावणेपाच लिटरचा, कॅन साधारण ३० डॉलरला मिळतो. आठ लिटरला ५०-५५ डॉलर, फिल्टर आणि वॉशर २०-३० डॉलर. म्हणजे ९११ कॅरेराचे सगळे साहित्य १०० डॉलरच्या आत येते. अधिकृत विक्रेत्याकडे त्याच कामाचे बिल मात्र ३०० ते ५०० डॉलरच्या दरम्यान होते. भारतात याच दर्जाचे ऑइल लिटरला साधारण हजार ते दीड हजार रुपयांना पडते, वर ऑइलवर आणि मजुरीवर प्रत्येकी १८ टक्के जीएसटी. देश कुठलाही असला तरी साहित्याची किंमत आणि बिलाचा आकडा यांत बरेच अंतर उरते. ते अंतर कशाचे, हे गाडीखाली गेल्यावर समजते.

साध्या गाडीत ऑइल इंजिनच्या तळाशी चेंबरमध्ये साचते आणि तिथूनच पंप ते ओढून घेतो. याला वेट संप म्हणतात. गाडी वळणावर जोरात घातली की चेंबरमधले ऑइल एका बाजूला चढते, जसे वळण घेणाऱ्या एसटीत ठेवलेल्या बादलीतले पाणी. पंपाचे तोंड उघडे पडते, तो हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडी पडतात. रस्त्यावरच्या गाडीत असे क्वचितच घडते. रुंद, चिकट टायरच्या आणि एक जीपेक्षा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या जोरापेक्षा, जास्त बाजूचा जोर सोसणाऱ्या गाडीत मात्र ते प्रत्येक लांब वळणावर घडू शकते. त्यावरचा उपाय म्हणजे ड्राय संप. यात इंजिनच्या तळाशी ऑइल साचूच देत नाहीत. एक किंवा अनेक पंप ते ओढून वेगळ्या उभ्या टाकीत पाठवतात, तिथे त्यातली हवा निघून जाते आणि दुसरा पंप टाकीच्या तळातून इंजिनला अखंड ऑइल देतो. चेंबर उथळ झाल्यामुळे इंजिनही खाली बसवता येते.

गाडीच्या दृष्टीने ही रचना उत्तम, पण ऑइल बदलताना तिची किंमत मोजावी लागते. ऑइल जास्त लागते, ते दोन किंवा अधिक ठिकाणांहून उतरवावे लागते आणि पातळी पाहण्याची रीतही बदलते. २००६ ची कॉर्व्हेट हे याचे सरळ उदाहरण आहे. मूळ गाडीत वेट संप आणि सुमारे सव्वापाच लिटर ऑइल. त्याच गाडीच्या झेड०६ या वेगवान प्रकारात ड्राय संप आणि साडेसात लिटर.

हवेने थंड होणाऱ्या ९११ मध्ये सुरुवातीपासून ड्राय संप होता आणि टाकी मागच्या उजव्या चाकाजवळ होती. १९७२ च्या मॉडेलमध्ये वजनाचा तोल सुधारण्यासाठी टाकी चाकाच्या पुढे आणली आणि ऑइल भरण्याचे झाकण उजव्या दरवाजामागे बाहेरच्या पत्र्यावर दिले. पेट्रोल पंपांवरच्या माणसांना ते पेट्रोलचेच झाकण वाटे आणि ऑइलच्या टाकीत पेट्रोल ओतले जाई. पुढच्याच वर्षी पोर्शेने टाकी जुन्या जागी नेली. या कुळातली शेवटची पिढी, ९९३, हिला तर दोन ऑइल फिल्टर आहेत आणि दुसऱ्यापर्यंत हात घालणे हे कौशल्याचे काम आहे. या गाड्यांत पातळीही इंजिन पूर्ण गरम करून, सपाट जमिनीवर, इंजिन चालू ठेवून पाहायची असते. इतर गाड्यांच्या सवयीने थंड इंजिनात डिपस्टिक पाहणारा फिटर 'ऑइल कमी आहे' म्हणून वर दोन लिटर ओततो आणि जादा ऑइल हवा घेण्याच्या मार्गात जाऊन निळा धूर निघू लागतो.

वेळ खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे गाडीचे पोट. वेगात गाडीखालून हवा सुरळीत जावी म्हणून स्पोर्ट्स कारचा तळ सपाट पॅनेलांनी झाकलेला असतो. ड्रेन बोल्ट त्या पॅनेलांच्या वर असतो. पॅनेल काढायचे म्हणजे स्क्रूंचा मोठा ढीग, त्यातही काहींची लांबी वेगळी, आणि आटे ॲल्युमिनियममध्ये कापलेले. घाईत तिरका लावलेला एक स्क्रू पूर्ण दिवसाचे काम वाढवून ठेवतो. त्याआधी गाडी वर उचलायची असते. जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंच उंच असलेली गाडी साध्या रॅम्पवर चढताना पुढचा बंपर घासते आणि लिफ्टचे हात ठरलेल्या चार जागांवरच टेकवावे लागतात. टोयोटा जीआर८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड यांच्या रचनाकारांनी मात्र वेगळा विचार केलेला दिसतो. या गाड्यांत फिल्टर इंजिनच्या वरच्या बाजूला आहे, बॉनेट उघडले की समोर. मालकाच्या खिशाचा विचार आराखड्यातच झाला की ऑइल बदलणे किती साधे होते ते इथे दिसते.

इंजिन मध्ये, म्हणजे आसनांच्या मागे असलेल्या गाड्यांत सगळेच अवघड होते. फेरारीच्या टेस्टारोसा, ३४८ आणि एफ३५५ या गाड्यांत टायमिंग बेल्ट बदलायला पूर्ण इंजिन उतरवावे लागते आणि त्यासाठीचे हजारो डॉलरचे बिल ऐकून 'फेरारीचे ऑइल बदलणे परवडत नाही' असा समज पसरला. वास्तविक ऑइल बदलायला इंजिन उतरवावे लागत नाही. ही दोन कामे वेगळी आहेत आणि जुनी फेरारी घेताना त्यांचे बिल वेगवेगळे विचारायला हवे. नव्या फेरारींसाठी कंपनीने सात वर्षांची देखभाल गाडीच्या किमतीतच धरली, दर वर्षी किंवा २०,००० किलोमीटरला एकदा.

या सगळ्याचे टोक म्हणजे व्हेरॉन. फ्रान्समधल्या मोल्सहाइम इथे २००५ पासून बनलेल्या या गाडीत आठ लिटरचे सोळा सिलिंडरचे इंजिन, चार टर्बो, दहा रेडिएटर आणि १,००१ अश्वशक्ती आहे. हे सारे आसनांच्या मागे ठासून भरलेले असल्यामुळे ऑइलही एका जागी नाही. ते पूर्ण उतरवायला सोळा ड्रेन बोल्ट सोडावे लागतात, आणि त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी आधी मागची चाके, चाकांवरचे अस्तर, तळाची आणि मागच्या बाजूची पॅनेल काढावी लागतात. काम एका दिवसात उरकत नाही आणि ते करू शकणारी प्रशिक्षित माणसे जगात मोजकीच आहेत. गाडीची किंमत दहा लाख युरोंच्या वर होती, तेव्हा २० हजार डॉलर हा आकडा तिच्या दीड-दोन टक्के भरतो. ३० हजार डॉलरच्या एमएक्स-५ला शंभर डॉलरचे ऑइल बदलणे म्हणजे एक टक्क्याचा तिसरा हिस्सा. किमतीच्या प्रमाणात पाहिले तरी व्हेरॉनचे ऑइल कैक पटींनी महाग आहे आणि त्यातला ऑइलचा स्वतःचा भाग नगण्य आहे.

काम कुणाकडून करून घ्यावे हा पुढचा प्रश्न. बाहेरच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलले तर वॉरंटी जाईल, ही भीती मालकांना नेहमी अधिकृत विक्रेत्याकडे परत नेते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने, कंपनीने फुकट दिल्याशिवाय विशिष्ट छापाचे सुटे भाग किंवा विशिष्ट दुकानातली सेवा वापरण्याची अट वॉरंटीला जोडता येत नाही. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या निकालात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारातल्या गॅरेजना मिळाली पाहिजे, असे बजावले. मालकाने तरीही मान्यताप्राप्त ऑइलची पावती, तारीख आणि किलोमीटरची नोंद जपून ठेवायला हवी. वाद निर्माण झाला की तीच कामाला येते, आणि गाडी विकताना त्या फायलीमुळे किंमतही चढी मिळते.

खर्च किती वेळा होणार, हेही बिलाइतकेच महत्त्वाचे. नव्या बीएमडब्ल्यू एम गाडीचे पहिले ऑइल २,००० किलोमीटरलाच बदलावे लागते, कारण नवे भाग एकमेकांशी जुळताना सुटणारे धातूचे कण त्यात जमतात. पुढे बहुतेक स्पोर्ट्स कारना ठरावीक किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते लागू पडते. बहुतेक मालकांच्या बाबतीत वर्षच आधी संपते. एखादी गाडी वर्षाला २,००० किलोमीटर चालली आणि ऑइल बदलण्याचे बिल ४०,००० रुपये आले, असे धरले तर किलोमीटरमागे २० रुपये पडतात. तीच गाडी १०,००० किलोमीटर चालली तर चार रुपये. कमी चालवल्यामुळे ऑइल टिकते, हा समज खोटा आहे. रविवारी सकाळी पाच किलोमीटर जाऊन परत गॅरेजमध्ये उभी राहणाऱ्या गाडीत ऑइल पुरेसे तापतच नाही, त्यातले पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि आम्ल साचत राहते. मुंबईच्या वाहतुकीत दीड तासात दहा किलोमीटर सरकणाऱ्या गाडीचे किलोमीटर थोडे दिसतात, इंजिनचे फेरे मात्र बरेच झालेले असतात. जनरल मोटर्सच्या गाड्यांतली ऑइलचे उरलेले आयुष्य टक्क्यांत दाखवणारी यंत्रणा म्हणूनच फेरे आणि तापमान यांचा हिशेब ठेवते. ती ऑइलची तपासणी करत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी तर वर्षाची वाट पाहू नये. सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटच्या सुरुवातीच्या गाड्यांसाठी कंपनीने ट्रॅकवर जाण्याआधी रस्त्यावरचे ५डब्ल्यू-३० काढून १५डब्ल्यू-५० भरायला सांगितले होते. म्हणजे एका हौशी शनिवार-रविवारसाठी दोनदा ऑइल.

ऑइल खरेच संपले का, हे ठरवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे प्रयोगशाळेत नमुना पाठवणे. अमेरिकेत त्याला ३५-४० डॉलर पडतात. अहवालात लोखंड, तांबे, शिसे किती आहे ते येते. शिसे आणि तांबे चढले तर बेअरिंग झिजू लागली, सिलिकॉन चढले तर एअर फिल्टरमधून धूळ जाते, सोडियम किंवा पोटॅशियम दिसले तर कूलंट गळून ऑइलमध्ये येत असण्याची शक्यता. जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने तर सौद्याआधी हा अहवाल मागावाच. बेअरिंगची झीज वेळेत कळली तर बेअरिंग बदलण्यावर भागते. ती फिरली आणि क्रँकशाफ्ट ओरखडला, तर पूर्ण इंजिनचे काम काढावे लागते आणि त्या खर्चात आयुष्यभराची ऑइल बदलून झाली असती.

स्वतः ऑइल बदलणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे वाचतात, कारण मजुरीचाच वाटा मोठा असतो. त्यांना गाडी सुरक्षित टेकवायची साधने, टॉर्क पाना आणि आठ-दहा लिटर मावेल असा ट्रे लागतो. साध्या गाडीचा पाच लिटरचा ट्रे ९११ खाली ठेवून बोल्ट काढला की उरलेले तीन लिटर जमिनीवर वाहतात. मग उरते ते जुने ऑइल. महाराष्ट्रात त्याला जळके ऑइल म्हणतात. ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात. त्यात शिशासारखे जड धातू आणि ज्वलनातून आलेली घातक संयुगे असतात, आणि ती पावसाबरोबर जमिनीत व विहिरीत उतरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबाने एक गॅलन जळके ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते. भारतात ते घातक कचऱ्यात मोडते आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर त्याच्या पुनर्वापराची ठरावीक जबाबदारी आहे. घरी काढलेले ऑइल नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरून, पाणी किंवा कूलंट न मिसळता, जळके ऑइल अधिकृत संकलकाला देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्यावे लागते. फिल्टरही रात्रभर उलटा ठेवून निथळून घ्यावा लागतो, कारण त्यातही बरेच ऑइल राहिलेले असते.